शेवटच्या टेबलाची इस्त्री

माझ्या धाकट्या जावेला लाँड्रीत सगळ्या 'फ्रीज' म्हणायच्या. तोंडावर. ती आत आली की पाचव्या टेबलावरची बाई हातातली इस्त्री उभी करून म्हणायची, "आली का गं फ्रीज? दार लाव, गारठा आत येतोय." मग दोघीतिघी खिदळायच्या. माझी जाऊही हसायची. तिच्या त्या हसण्याचाच मला सगळ्यात जास्त संताप यायचा.

लाँड्रीत धुलाई मागच्या अंगणात व्हायची आणि इस्त्री पुढच्या लांबट खोलीत. भिंतीला लागून सहा टेबलं एका ओळीत. दाराशी मालकाची काचेची केबिन, केबिनला चिकटून लाकडी बोर्ड, बोर्डावर फ्यूज आणि व्होल्टेज दाखवणारा एक काटा. त्या बोर्डावरून एकच वायर निघायची आणि टेबलांच्या मागून, भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून पार टोकापर्यंत जायची. वाटेत प्रत्येक टेबलाला एक प्लग. आमचा सगळा संसार त्या एका वायरीवर. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे कोट, ऑफिसातल्या साहेबांचे शर्ट, सगळं तिच्या जिवावर कडक व्हायचं. पहिलं टेबल माझं. सहावं, म्हणजे शेवटचं, जावेचं.

आमच्याकडे टेबल म्हणजे नुसती जागा नव्हती, ती लायकी होती. नवी बाई शेवटच्या टेबलावर बसायची. पुढची कोणी सोडून गेली, की मागच्या एकेक टेबल सरकायच्या. आणि पुढच्या बायकांपैकी कोणाचं काम मंदावलं तर मालक तिला उलटं पाठवायचा. "जा शेवटी," एवढंच म्हणायचा. शेवटच्या टेबलावर पाठवलेली बाई कधी सुधारल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. ती आणखी मंद व्हायची, रडकुंडीला यायची आणि एक दिवस यायचीच बंद व्हायची. "बघा, मी आधीच ओळखलं होतं," मालक म्हणायचा. माणसं ओळखण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं.

जावेला तिथे मीच लावलं होतं. माझा दीर माल वाहायची गाडी चालवतो, आठवडेच्या आठवडे बाहेर असतो. घरात सासूबाई. मोठ्या प्रेमळ, पण जिभेला हाड नाही. "धाकटीच्या हाताला उठावच नाही, हिच्या हातून दूधसुद्धा उतू जात नाही," हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. पोरीला वाटलं, बाहेर पडून काहीतरी नीट करून दाखवावं. मला वाटलं, माझ्या डोळ्यांसमोर राहील. झालं भलतंच. तिची चादर कधी सपाट व्हायची नाही. ओलसर कापडावर ती इस्त्री फिरवायची, फिरवायची, सुरकुती आपली तिथेच. माझ्या चार चादरी व्हायच्या तोवर तिची एक, आणि तीही मालक उलगडून सगळ्यांसमोर नाचवायचा. "हे काय आहे? चादर आहे का म्हातारीचा गाल?"

तिने सांगितलं, इस्त्री तापत नाही. मालकाने काय करावं? दुपारच्या सुट्टीत, आम्ही सगळ्या इस्त्र्या बंद करून डबे घेऊन अंगणात बसलो असताना, स्वतः गेला आणि तिची इस्त्री लावून उभा राहिला. बोटाला थुंकी लावून इस्त्रीला टेकवली. चर्र झालं. बाहेर आम्हाला ऐकू जाईल असं ओरडला, "तापतेय की! चांगली तापतेय!"

तरी न्याय म्हणून, त्याच्या भाषेत न्याय म्हणून, त्याने इस्त्री दुरुस्तीला पाठवली. दुकानदाराने आपल्या दुकानात लावून बघितली, ठणठणीत. परत आली. टेबलावर लावली, तर पुन्हा गार. मालक म्हणाला, "दुकानात तापते, माझ्या हातात तापते, हिच्याच हातात तापत नाही. आता मी काय समजायचं?"

सगळ्यांनी तेच समजून घेतलं. त्या दिवसापासून ती फ्रीज झाली.

घरी ती आता वेगळंच काहीतरी करायला लागली. चहा गाळताना दोन्ही तळवे भांड्याला लावून उभी राहायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "ताई, खरं सांगा हं. माझे हात गार आहेत का हो?"

"वेडी आहेस का? इस्त्री काय हातांनी तापते?"

"नाही, पण काही जणांच्या हाताला नसतंच म्हणे. सासूबाई पण म्हणतात."

मी तिचे हात हातात घेतले. होते तसेच, चारचौघींसारखे. पण ती हात सोडवून घेऊन ओट्याकडे वळली. तिला पटलं नव्हतं हे मला दिसत होतं. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती हो. पण हे असं तळवे तपासणं एकदा अंगवळणी पडलं की जन्माला पुरतं.

मग मालकाने शेवटचा उपकार केला. जादा वॅटची, लोखंडी, भली दांडगी इस्त्री आणली. आम्ही तिला पहिलवान नाव ठेवलं. "घे. आता तरी तापव," तो जावेला म्हणाला. "शनिवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर घरी बस, जावेचं तोंड बघून किती दिवस ठेवू?"

पहिलवान लावला आणि आक्रीतच झालं. तो तर तापला नाहीच, पण पाचवीची इस्त्री गार पडली, चौथीची पडली, माझीसुद्धा जरा मरगळली. पाचवी कमरेवर हात ठेवून वळली. "अगं बाई, स्वतः गार ती गार, आता आम्हाला पण गारठवतेस का? लागण झाली की काय?" या वेळी कोणी हसलं नाही. सगळ्या चिडल्या होत्या. कामावर बोलणी खायची वेळ आता त्यांच्यावर आली होती, आणि त्याचं खापर फोडायला समोर एक डोकं तयार होतं. जावेने गुपचूप पहिलवानाची पिन उपटली आणि जुनी इस्त्री लावली. बाकीच्यांच्या इस्त्र्या जराशा सुधारल्या. म्हणजे तर पुरावाच मिळाला!

माझ्या डोक्यात मात्र तिथेच काहीतरी अडकलं. विजेचं मला जे काही कळतं ते घरातल्या बिघडलेल्या वस्तूंनी आणि रद्दीत आलेल्या पुस्तकांनी शिकवलंय. मोठी इस्त्री लावल्यावर सगळ्यांच्या इस्त्र्या पडतात, ही काही हाताची करामत नाही. मी वायरीच्या मागे लागले. आणि मला ती सापडली तिसरीच्या डब्यात.

तिसऱ्या टेबलावरची बाई आपला डबा रोज त्या लाकडी पट्टीवर, तिच्या प्लगशेजारी ठेवायची. आम्ही गार जेवायचो, तिचं जेवण ऊनऊन निघायचं. "माझ्या डब्याची झाकणं घट्ट," असं ती ऐटीत सांगायची. त्या दिवशी मी डबा उचलून पट्टीवर हात ठेवला. चटका नाही, पण चांगली ऊब. आजारी पोराच्या कपाळासारखी. पट्टी जरा उचकटली. आत वायरीला वायर पिळून जोडलेली, वर टेप गुंडाळलेला, टेप तपकिरी पडलेला. पुढे बघितलं, चौथीपाशी आणखी एक जोड. वायर कसली, बुटाच्या लेससारखी बारीक.

घरी जाताना जावेला म्हटलं, "तू वरच्या मोरीत आंघोळीला बसतेस आणि मी खाली नळ सोडते, तेव्हा तू काय ओरडतेस?"

"ताई, नळ बंद करा, करंगळीएवढी धार आलीय."

"टाकी रिकामी असते का तेव्हा?"

"नाही. भरलेली असते."

"मग पाणी कमी का येतं?"

"कारण तुम्ही..." ती थांबली. "पाइप एकच आहे म्हणून."

"तसंच हे. बोर्डावर व्होल्टेज पुरेपूर आहे, टाकी भरलेली आहे. पण सहा इस्त्र्यांचा करंट त्या एका बारीक वायरीतून जातो. वायर अडवते. करंट जितका जास्त, तितकं व्होल्टेज ती वाटेतच खाते, आणि खाल्लेलं सगळं तिच्या अंगात गरमी होऊन बसतं. तुझ्या इस्त्रीची ऊब तिसरीच्या डब्यात जातेय, बाळ. आणि जी शेवटी, तिच्या वाट्याला उरलंसुरलं."

"पण मालकांनी लावली तेव्हा तापली की."

"तेव्हा बाकीच्या पाच बंद होत्या. खालचे सगळे नळ बंद करून वरची धार बघितली त्याने."

"आणि पहिलवान?"

"पहिलवानाच्या आतली तार कमी अडवते, म्हणून तो जास्त करंट ओढतो. करंट वाढला की वायर आणखी खाते. स्वतः उपाशी आणि शेजाऱ्यांच्या ताटातलंही गेलं."

तिने पदर खांद्यावर ओढला. मग म्हणाली, "तुम्ही माझी समजूत घालताय ना?" मला रस्त्यातच बसून रडावंसं वाटलं. इतकं सरळ गणित मांडलं तरी पोरीचा विश्वास वायरीपेक्षा स्वतःच्या दोषावर जास्त.

दुसऱ्या दिवशी मी मालकाच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्याने खुर्ची न सोडता बोर्डाकडे बोट दाखवलं. "बाई, काटा बघा. व्होल्टेज पूर्ण आहे. विजेवर आळ घेऊ नका."

"मालक, काटा बोर्डावर आहे. ती टेबलावर आहे."

"एकाच वायरीवर आहात ना सगळ्या? मग तुमची तापते, तिची का नाही तापत?"

"माझ्यापर्यंत वायर हातभर आहे, तिच्यापर्यंत खोलीभर. सगळ्या इस्त्र्या चालू असताना एकदा तिची बघा तरी."

"कामाच्या वेळेत खेळ नकोत. सुट्टीत बघितलीय मी. मी स्वतः बघितलीय." आणि वर म्हणतो कसा, "रक्ताचं नातं नसताना जावेसाठी एवढं करता, कौतुक वाटतं."

कौतुक! माझं डोकं असं तापलं की त्यावर चादर झाली असती. मी बाहेर आले, माझी पिशवी उचलली आणि थेट सहाव्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. जावेला म्हटलं, "ऊठ. माझ्या टेबलावर जा."

"ताई, नको. मालक..."

"जा म्हणते ना."

गेली. पहिल्या टेबलाशी उभी राहून तिने इस्त्री चादरीवर ठेवली आणि चादरीतून वाफ निघाली. तिने दचकून हात मागे घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा इस्त्री टेकवली. मग थांबलीच नाही. तिची चवड चढायला लागली. आणि इकडे मी, सगळ्या ज्या कामात मला गुरू मानायच्या त्या कामात, एका उशीच्या अभ्र्याशी कुस्ती खेळत होते. इस्त्री ओलाव्याला टेकली की मरायची, पुन्हा जीव धरायला वेळ घ्यायची. डोक्यावरचा बल्ब, त्याच वायरीच्या टोकाचा, पिवळाजर्द, अंड्याच्या बलकासारखा. या कोपऱ्यात पोरीने इतके महिने काढले होते आणि वर हसून दाखवलं होतं.

मालक बाहेर आला. त्याने जावेची चवड बघितली, माझी बघितली. मला वाटलं, आता तरी याची ट्यूब पेटेल.

"वा," तो म्हणाला. "जमवून आणलंत दोघींनी. ती आज हात उचलतेय आणि तुम्ही मुद्दाम हात आखडताय. घरी ठरवून आलात का?"

मी इतकी वर्षं त्या माणसाच्या चादरी कडक केल्या, आणि मी मुद्दाम वाईट काम करते? मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाचवी बोलली. हो, तीच फ्रीजवाली. माझ्या बाजूने नव्हे. तिला कोणी आपल्यासमोर खोटं बोलतंय हेच खपत नव्हतं.

"थांबा मालक. मी हिच्या शेजारीच उभी आहे. ती हात आखडत नाहीये. घाम बघा तिचा."

"मग तू सांग, काय आहे?"

"मला काय माहीत? ही म्हणते वायर. बघून टाकू." आणि तिने खटकन आपल्या इस्त्रीचं बटण बंद केलं.

माझ्या डोक्यावरचा बल्ब किंचित उजळला.

ते सगळ्यांनी बघितलं. चौथीने आपलं बटण बंद केलं. बल्ब आणखी उजळला. तिसरीने केलं. दुसरीने. जावेने आपल्या बटणावर बोट ठेवलं. तिने ते दाबलं आणि माझ्या कोपऱ्यात असा पांढरा उजेड पडला की भिंतीवरचे डाग दिसायला लागले. मी इस्त्री जरा वेळ तशीच ठेवली, मग अभ्र्यावर टेकवली. वाफेचा असा लोट निघाला की पाचवी मागे सरली.

"आता लावा गं सगळ्या," मी म्हटलं. त्यांनी एकेक बटण लावलं आणि बल्ब पायरी पायरीने उतरत पुन्हा पिवळा झाला.

मालकाने बल्बकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. मग, ऐका हं, तो म्हणतो, "ठीक आहे. मग सहावं टेबल बंद ठेवू. पाच चालू राहू देत. धाकट्या बाईंनी शनिवारपासून येऊ नये."

मी काही बोलायच्या आत पाचवी म्हणाली, "म्हणजे मग शेवटची मी?"

"अगं, तसं नाही..."

"तसंच. आज ही, उद्या मी, परवा ही चौथी. तुम्ही टेबलं कापत येणार आणि आम्ही मंद ठरत येणार." तिने बटण बंद केलं आणि हाताची घडी घातली. "वायर बदला, मग सांगा."

पाठोपाठ सगळी बटणं बंद झाली. ठरवून नव्हे. एकीने मोठा श्वास सोडला की बाकीच्यांनाही आपण कधीचा रोखून धरलाय ते कळतं, तसं झालं. हॉटेलच्या चादरी ढिगाने पडून होत्या आणि हॉटेलचा माणूस दारात उभा होता. माझी जाऊ पहिल्या टेबलाशी ताठ उभी होती आणि तिचे हात टेबलावर उघडे पडले होते, सगळ्यांना दिसतील असे.

संध्याकाळच्या आत वायरमन आला. जुनी वायर ओढून काढली तर तिसरीच्या जोडाशी तिचं आवरण बिस्किटासारखं तुटून हातात आलं. "नशीब समजा, पेट घेतला नाही," तो म्हणाला आणि जाड वायर घातली, शेवटच्या दोन टेबलांना बोर्डावरून वेगळी लाइन दिली. तिसरीला डबा गार खावा लागणार म्हणून तिने तेवढ्यातही कुरकुर केली.

मालक आम्हाला काय म्हणाला असेल? "वायर खराब होती." बस. जशी काही वायर स्वतःहून येऊन बारीक झाली होती. जसं काही 'म्हातारीचा गाल' वायरीनेच म्हटलं होतं. मी वाट बघत उभी राहिले, दुसरं वाक्य येईल म्हणून. त्याने केबिनचं दार लावून घेतलं.

सोमवारी जाऊ आपल्या सहाव्या टेबलावर बसली. तिथेच बसायचं म्हणाली. आणि पहिल्याच तासाला खोलीत करपल्याचा वास. गार इस्त्रीवर अंगाचा सगळा भार टाकून, मान मोडून दाबत राहायची सवय झालेली, तिने तापलेल्या इस्त्रीनेही तेच केलं. एका साहेबाच्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा पुरा ठसा. मालक वास घेत बाहेर आला. जाऊ म्हणाली, "मालक, करपला. माझ्याकडून." अजिबात हसली नाही. त्याने तोंड उघडलं, आम्ही पाचजणी त्याच्याकडे वळलो, त्याने ते मिटलं.

संध्याकाळी निघताना मला वाटलं, ती खुशीत असेल. तिच्या कपाळावर आठी होती.

"ताई, माझ्या आधी या टेबलावर कोण होती?"

"ती होती ना एक, उंचशी. पडद्यांच्या दुकानात घड्या घालते आता."

"ती मंद म्हणून गेली?"

"हो."

"तिला कोणी सांगितलं?"

आम्ही वाट वाकडी केली. पडद्यांच्या दुकानात ती उंच बाई मागच्या बाजूला घड्या घालत होती. आधी आम्हाला बघून आनंदली, मग जावेने सांगायला सुरुवात केली. वायर, जोड, बल्ब, सगळं. आदल्या आठवड्यात तिला नुसती समजूत वाटलेली गोष्ट ती आता अशी सांगत होती की मध्ये बोलायची सोय नाही. मला वाटलं होतं, बाईला हायसं वाटेल, डोळे पुसेल.

तिने हातातला पडदा खाली ठेवला. चेहरा लाल झाला होता.

"मी नवऱ्याला सांगितलं होतं, मला इस्त्री येत नाही," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या शाळेच्या ड्रेसला मी हात लावत नाही, शेजारणीकडून करून घेते. इतके दिवस. आणि मालक काय म्हणाला, वायर खराब होती?"

"एवढंच म्हणाला," जाऊ म्हणाली.

ती बाई उठली. दुकानदाराला ओरडून सांगितलं, "अर्ध्या तासात येते हो," आणि पायात चपला सरकवायला लागली.

"अगं, कुठे?" मी म्हटलं.

"लाँड्री उघडी असेल ना अजून?" ती म्हणाली. "मी मंद आहे हे मला तोंडावर सांगितलं होतं त्याने. मग हेही तोंडावरच सांगेल."

माझी जाऊ तिच्याही पुढे रस्त्याला लागली होती.